शिडी घरी राहायला आली

३ मार्च, सोमवार

शिडी! या खेपेला शिडी मिळाली.

आमच्या ऑफिसचा कायदा एकच— आधी वापरा, मग लिहा. कुणाचाही माल असो, तो आधी आठवडाभर आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी नांदतो. मगच त्याची जाहिरात लिहायला बसायचं. जानेवारीत पायाच्या कुरूपाचं मलम आलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ऑफिसात कुरूप असलेली मी एकटी. बाकीच्यांचे पाय अजून कोवळे आहेत. फेब्रुवारीत फरशी पुसायचा दांडा आला. 'काकू, तुम्हाला अनुभव आहे.' आणि आता ही सात फुटी घडीची शिडी. पेन्सिलच्या खोलीत ती मावत नाही (पेन्सिल म्हणजे आमचा चित्रं काढणारा, अंगानेही तसाच), फोनवालीच्या घराला लिफ्ट नाही, बॉसबाईंकडे रांगतं मूल. उरलं कोण?

एक टोक पेन्सिलने धरलं, एक मी. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली चष्म्याचं दुकान. जिन्याच्या वळणावर घोडं अडलं, तेव्हा दुकानदाराने दारातला आरसा उचलून छातीशी धरला आणि आम्ही जाईपर्यंत तसाच उभा राहिला.

घरी हे खुर्चीत. हातात वर्तमानपत्र. शिडीकडे पाहिलं, मग पुन्हा वर्तमानपत्राकडे. शब्द नाही.

४ मार्च, मंगळवार

आज अकराच्या वाचनात धमाल. रोज अकराला आम्ही चौघं उभे राहतो आणि आदल्या दिवशी लिहिलेल्या ओळी मोठ्याने वाचतो. कुणालाही जांभई आली की ओळ बाद. बॉसबाईंनी स्वतःचीच ओळ वाचली आणि वाचता वाचता स्वतःच जांभई दिली. फोनवाली हसून हसून खाली बसली. बॉसबाई माझ्या लेकीपेक्षा चारच वर्षांनी मोठ्या, पण ओळ स्वतःच्या हाताने टराटरा फाडून टाकली. मला माणूस आवडतो असा.

सव्वीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली. तिथे मान वर केली की चूक सुटायची, म्हणून बोलायचं नाही. छापखाना बंद झाला, मग दीड वर्ष घरी. घरात दोन माणसं आणि चार भिंती, त्यातल्या भिंतीच जास्त बोलणाऱ्या. हे टेलिफोन खात्यात होते, एकतीस वर्षं खांबांवर चढून तारा जोडल्या. लोकांची बोलणी जुळवून दिली! दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यापासून गप्प. भांडण नाही, आजार नाही, डॉक्टरनेही पाहिलं. नुसतं बोलणं संपलं. 'हं', 'नको', 'ठेव'. एवढ्यावर संसार चाललाय.

म्हणून ही नोकरी. तीन महिने बघू, असं ठरलंय. ३१ मार्चला मुदत संपते. मजकुराचं टेबल एकच आहे, तिथे मी तरी राहीन किंवा दुसरं कुणी. माझी ही नोकरी टिकायला हवी. फार हवी. हे इथेच लिहिते, कुणाला सांगणार नाही.

५ मार्च, बुधवार

दार उघडलं आणि हे छताला!

म्हणजे शिडीवर, वरून दुसऱ्या पायरीवर, पंख्याची पाती पुसत होते. माझ्याच जुन्या ओढणीने. 'अहो, सांभाळून' म्हटलं तर 'हं'. पण तो 'हं' जरा वेगळा होता. वरून आला होता म्हणून असेल.

६ मार्च, गुरुवार

शेजारीण पडद्याचा दांडा लावायला शिडी मागायला आली. मी ऑफिसात. ह्यांनी शिडी नुसती दिली नाही, स्वतः उचलून नेली, दांडाही लावून दिला. संध्याकाळी जिन्यात भेटली तर म्हणते, 'भाऊ किती बोलतात हो!'

मी चाट पडले. कोण भाऊ? काय बोलले?

'अहो, शिडी कशी लावायची ते. भिंतीपासून किती लांब, पाय कुठे ठेवायचा, उतरताना तोंड कुठे करायचं. अर्धा तास सांगत होते. मी ऐकून घेतलं, मला काय, चढायचं थोडंच होतं.'

घरी आले. विचारलं, 'पडदा लागला का?' तर म्हणाले, 'हं.'

नाकाला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला लिहू? शेजारणीला अर्धा तास, आणि मला अनुस्वार!

७ मार्च, शुक्रवार

शिडीच्या ओळी आज वाचल्या. काही सुचेना म्हणून घडलं तेच लिहून नेलं होतं. 'शिडीने आज काय केलं' असं वर, आणि खाली एकेक वार.

बुधवार— दोन वर्षांनी पंख्याला स्वतःचा रंग दिसला.
गुरुवार— शेजारी पडदा लागला. आता त्यांच्याकडे काय चाललंय, आम्हाला कळत नाही.

जांभई नाही! पेन्सिल म्हणाला, 'मी रोज एक चित्र काढतो. नुसती शिडी, आणि वर चढलेल्याचे पाय. चेहरा नको.' बॉसबाईंनी फळ्यावरचं बाकीचं सगळं पुसून टाकलं आणि मधोमध तेवढंच लिहिलं. मग मला म्हणाल्या, 'काकू, हा कोण माणूस चढतोय?'

'आहेत एक,' म्हटलं. वीस वर्षांची असल्यासारखी लाजले. शोभत नाही, पण लाजले.

८ मार्च, शनिवार

ह्यांनी शिडी लावून माळा रिकामा केला. त्यात सापडलं— लेकीचा तुटका घोडा, दोन छत्र्या आणि मी फेकून दिला असं ह्यांना शपथेवर सांगितलेला ह्यांचा मळका कोट. काही बोलले नाहीत. पण कोट अंगावर चढवून आरशात पाहिलं!

९ मार्च, रविवार

वहीवर एक कागद ठेवलेला. ह्यांचं अक्षर, खात्यातला अहवाल लिहावा तसं.

१) मागच्या डाव्या पायाचा रबरी बूट फिरतो. ओल्या फरशीवर शिडी घसरेल.
२) मधली कडी आपोआप बसत नाही, हाताने दाबावी लागते. बसली असं वाटतं, बसलेली नसते. घाईतला माणूस फसेल.
३) सर्वांत वरच्या पायरीला खाचा नाहीत.
४) रंग चांगला आहे.

चौथं वाचून हसू फुटलं. खात्यातली शिस्त— शेवटी एक बरं लिहायचंच. मग दुसरं कलम पुन्हा वाचलं आणि हसू मावळलं. घाईतला माणूस फसेल. हे गेले चार दिवस त्याच शिडीवर वर-खाली करत होते.

मी म्हटलं, 'उद्या शिडी परत न्यायची आहे.'

'राहू दे.'

दोन शब्द!

१३ मार्च, गुरुवार

आज ऑफिसात एक पत्र हाताखालून गेलं.

माझ्या टेबलावर एक ट्रे आहे. छापायला, पाठवायला जाणारा प्रत्येक कागद आधी त्यात पडतो. मी तपासते, खाली 'पाहिले, चालेल' असं लिहून सही करते, मगच तो पुढे जातो. आज त्यात सगळ्यात वर एक पत्र. 'प्रिय', पुढे मोकळी जागा. 'आपली मजकूर विभागात कायम नेमणूक करण्यात येत आहे, हे कळविण्यास आम्हास सहर्ष अत्यंत आनंद होत आहे.'

कायम. मजकूर विभागात. नाव अजून घालायचंय.

म्हणजे कुणीतरी सापडलंय. आणि त्याच्या नेमणुकीच्या पत्राची भाषा कुणी तपासायची, तर मी! दोष त्यांचाही नाही— कागद आला की माझ्या ट्रेमध्ये टाकायचा, हे त्यांच्या हाताला बसलंय. मग लाल पेन उघडलं. 'सहर्ष' आणि 'अत्यंत आनंद' दोन्ही कसे चालतील? एक काढलं. मग दुसरंही काढलं आणि बाजूला लिहिलं, 'हर्ष असेल तर चेहऱ्यावर दिसेल, कागदावर कशाला?' पत्र सुटसुटीत झालं. कुणाच्याही हातात पडलं तर त्याला आवडेल असं. खाली लिहिलं— पाहिले, चालेल. सही केली.

कामात कसूर केली नाही, एवढं मात्र आहे.

१४ मार्च, शुक्रवार

सगळे आज माझ्याशी फारच गोड वागतात. अपराधी वाटत असेल बिचाऱ्यांना.

१७ मार्च, सोमवार

नवी खुर्ची आली. पाठीला उशी, पायाखाली पाट. बॉसबाई म्हणाल्या, 'काकू, जरा बसून बघा बरं.' आमचा कायदा, आधी वापरा! बसले. आहाहा. माझी कंबर बारा वर्षांत अशी टेकली नव्हती.

'कशी आहे?'

'फार छान,' म्हटलं. खरं तेच सांगितलं. मग उठून जुन्या खुर्चीवर येऊन बसले. तिथे बसायचं तर बसा की, म्हणाल्या. म्हटलं, नको, सवय लागेल. नव्या माणसाला कंबरदुखी आहे वाटतं.

रडू नाही आलं. उलट मजाच वाटली— चौपन्नाव्या वर्षी कुणाचा तरी मत्सर वाटतोय, तोही न पाहिलेल्या माणसाचा!

१९ मार्च, बुधवार

उद्या शिडीवाले येणार, ओळी ऐकायला. त्यांचा कारखाना गावाबाहेर आहे आणि आजवर त्यांनी एकदाही जाहिरात केलेली नाही. ह्यांचा कागद दहा दिवस पर्समध्ये ठेवून फिरतेय. आज बॉसबाईंना दाखवला. म्हटलं, त्यांनाच विचारते, वाचू की नको?

वाचता वाचता त्या उभ्या राहिल्या. 'हे ऐकून गिऱ्हाईक उठून गेलं तर?'

'तर गेलं,' मी म्हटलं. मला काय, दहा-बारा दिवसांची पाहुणी मी. पण तेवढ्यासाठी नाही म्हटलं. कडी न बसलेल्या शिडीवर उद्या कुणीतरी चढणार, आणि त्याला चढ म्हणून मीच सांगितलेलं असणार.

त्या हसल्या. 'वाचा. पण आधी गोड, मग तिखट.'

२० मार्च, गुरुवार

शिडीवाले म्हणजे बुटके, साठीचे. खुर्चीच्या कडेवर बसतात, पाठ टेकत नाहीत. पंख्याला हसले. पडद्याला तर इतके हसले की चहा सांडला. 'हे आमच्याच शेजाऱ्यांचं लिहिलंय तुम्ही,' म्हणाले. पेन्सिलने चित्रं दाखवली. नुसते पाय. पण मला ते पाय कुठेही ओळखू आले असते.

मग मी कागद काढला. एक, दोन, तीन. सगळं वाचलं. चौथंही वाचलं, रंग चांगला आहे.

त्यांनी कप खाली ठेवला.

'कुणी काढलं हे?'

'आमच्या ह्यांनी. टेलिफोन खात्यात होते. खांबावर चढायचे.'

कागद मागून घेतला, घडी केली, खिशात घातला. अर्धा चहा तसाच टाकून गेले. जिन्यावरचे पाय खालपर्यंत ऐकू आले. पेन्सिल म्हणाला, 'गेलं.' बॉसबाईंनी कप स्वतः विसळले. माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून गेल्या.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तुमचा कागद वाचला. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. 'सगळा?' 'सगळा.' पुन्हा वर केलं. पण बराच वेळ पान उलटलं नाही.

२३ मार्च, रविवार

काय दिवस! लिहायला हात पुरत नाही.

सकाळी दहाला घंटी. दार उघडलं तर शिडीवाले. खांद्यावर शिडी! आमच्या घरी आधीच एक, ही दुसरी. 'वहिनी, खांबावर चढणारे कुठे आहेत?'

हे उठले. आपणहून! दोन्ही शिड्या हॉलमध्ये शेजारी शेजारी उभ्या केल्या, मला स्वयंपाकघरातून बाहेर यायला वाट नाही. मग जे सुरू झालं ते दोन तास. 'पाय इथे ठेवा. असा नाही, आडवा.' 'कडीचा आवाज ऐका. ऐकलात? हा खोटा आवाज.' 'एकदा पावणेतीनशे घरांचे फोन बंद होते, माझी शिडी अशीच—' ही गोष्ट लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी ऐकली नव्हती. मी दाराआडून ऐकत उभी. दूध उतू गेलं. जाऊ दे, म्हटलं.

तीन वेळा चहा झाला. शिडीवाले तिन्ही वेळा पूर्ण प्याले.

जाताना मला म्हणाले, 'माझ्याकडे चाळीस माणसं आहेत. एकानंही हे मला सांगितलं नाही. तुमच्या ओळी छापायच्या. पण आधी कडी बदलतो, मग.'

मी बॉसबाईंना फोन केला. पलीकडे आधी किंचाळी, मग मुलाचं रडणं. झोपलेलं उठलं बिचारं.

दार लावून वळले तर हे खुर्चीत. म्हटलं, 'किती बोललात आज!' तर— 'हं.'

असू दे. आज मला काहीही चालेल.

२६ मार्च, बुधवार

हे सकाळी जुनी हत्यारांची पिशवी आणि तो मळका कोट घेऊन कारखान्यात गेले. संध्याकाळी आले. 'काय झालं?' 'बघितलं.' कुणाला, काय, कशाला, देवच जाणे!

३१ मार्च, सोमवार

शेवटचा दिवस. ठरवलं होतं, तोंड पाडायचं नाही. या तीन महिन्यांत जेवढी हसले तेवढी छापखान्यात सव्वीस वर्षांत नव्हते हसले. हिशेब माझ्याच बाजूचा आहे.

पाच वाजता ड्रॉवर रिकामा करायला घेतला. लाल पेनं चार, चष्म्याचं घर, कुरूपाचं मलम. फोनवालीने पाहिलं. 'काकू, गावाला निघालात?'

'नाही गं. मुदत संपली ना.'

'कसली मुदत?'

बॉसबाई आल्या. पेन्सिल आला. मी म्हटलं, नवा माणूस उद्या येईल, टेबल स्वच्छ असलेलं बरं. त्या तिघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला वाटलं, कुणीतरी वारलं.

'काकू,' बॉसबाई हळूच म्हणाल्या, 'तुम्ही ते पत्र वाचलंत ना?'

'वाचलं. तपासलं. दिलं.'

'अहो, ते तुमचं पत्र होतं.'

'त्यावर नाव नव्हतं.'

'नाव शेवटी पेन्सिल सुंदर अक्षरात घालणार होता. ठेवलं तर तुमच्याच टेबलावर होतं! आणि तुम्ही खाली चालेल लिहून सही केलीत. आम्हाला वाटलं, झालं, काकू कायम. वर शेरा मारलात म्हणून आम्ही दिवसभर हसत होतो.'

'आणि खुर्ची?'

'बसून बघा म्हटलं तर उठून गेलात. आम्हाला वाटलं, आवडली नाही.'

अठरा दिवस! गावभर ओरडून सांगण्याचा ज्यांचा धंदा, त्यांचं मला एवढं एक सांगायचं राहिलं. आणि मी? सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारी, स्वतःचंच पत्र दुरुस्त करून परत पाठवलं! पेन्सिल हसत हसत टेबलाखाली गेला. मी त्या खुर्चीत बसले, तिथेच रडले, आणि रडताना पाठ टेकली.

हर्ष कागदावर नव्हता. चेहऱ्यावर होता, चौघांच्याही.

घरी सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, बाजूला ठेवली. 'बरं झालं,' म्हणाले. आणि अजून काहीतरी बोलणार होते, असं वाटलं. नाही बोलले.

१ एप्रिल, मंगळवार

कायम. दिवसभर नव्या खुर्चीत. जागा सोडली नाही, पाणीसुद्धा मागवून प्यायले.

४ एप्रिल, शुक्रवार

शिडीची पहिली ओळ काल कारखान्यात मंजुरीला पाठवली होती. आज परत आली. नामंजूर. खाली शेरा— 'ओळ छान आहे, पण खोटी आहे. पंखा बुधवारी अर्धाच पुसून झाला होता. बाकीचा गुरुवारी.' अक्षर पाहिलं आणि उठून उभी राहिले. खाली सही, त्याखाली शिक्का— तपासणी प्रमुख. आमचे हे! कारखान्यात गेले त्या बुधवारपासून! घरात पत्ता नाही!

दारातच जुंपली. मी म्हटलं, जाहिरातीत अर्धा पंखा कोण वाचेल? ते म्हणाले, कडी अर्धी बसलेली तुला चालली असती का? चपला काढायच्या राहिल्या. जेवतानाही तेच, मग भांडी घासतानाही, ते विसळत होते आणि मुद्दे मोजत होते. एक, दोन, तीन. दोन वर्षांत मिळून एवढं बोलणं झालं नव्हतं. मी साफ हरले. तरी ओळ बदलणार नाही, असं सांगून ठेवलंय.